घडीची सायकल

सुरतेकडून भुसावळच्या दिशेने जाणारी गाडी नंदुरबारच्या स्थानकात येऊन थांबते. डब्यांतून उतरणाऱ्या मंडळींत खानदेशी माणसे पुष्कळ असतात. सुरतेच्या उधना, लिंबायत अशा भागांत ती पोटापाण्यासाठी जाऊन राहिलेली असतात आणि सणावाराला, लग्नकार्याला किंवा आईवडिलांच्या भेटीला आपल्या गावाकडे येतात. कोणाच्या हातात गाठोडे, कोणाच्या डोक्यावर पेटी, कोणाच्या कडेवर झोपलेले मूल. गाडीत सर्वांचा प्रवास एकच होता. परंतु स्थानकाच्या दाराबाहेर पाऊल पडताच प्रत्येकाचा प्रवास निराळा होतो. आता पुढे कसे जावयाचे? एस. टी. असेल काय? नसल्यास रिक्षा मिळेल काय, आणि तीत पुरेसे प्रवासी भरेपर्यंत किती वेळ ताटकळत बसावे लागेल?

अशा वेळी त्या गर्दीतील एखादा गृहस्थ आपल्या खांद्यावरील फुगीर पिशवी खाली ठेवतो. पिशवीचा बंद सोडून तो आतून लोखंडाचे एक चमत्कारिक बोचके बाहेर काढतो. त्यात दोन लहान चाके एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात. बाकीचे काय आहे ते प्रथमदर्शनी ध्यानात येत नाही. तो एक कडी सोडतो, एक भाग वळवतो, एक दांडी वर ओढतो, पुन्हा दोन कड्या आवळतो. भोवती जमलेली मुले तोंडात बोट घालून पाहत असतात. अर्ध्या मिनिटात त्या बोचक्याची सायकल झालेली असते! रिकामी पिशवी सायकलीला अडकवून आणि पुढचा दिवा लावून तो गृहस्थ आपल्या गावच्या रस्त्याला लागतोसुद्धा. बाकीचे प्रवासी अद्याप भाड्याची घासाघीस करीत असतात.

ही घडीची सायकल होय. तिला बाजारात ‘फोल्डिंग सायकल’ म्हणतात. ती काही जादूची वस्तू नव्हे. मात्र ती कोणती अडचण दूर करते हे नीट समजावयाचे असेल, तर प्रथम त्या अडचणीकडेच पाहिले पाहिजे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग त्यांपैकी नवापूर आणि नंदुरबार या दोनच तालुक्यांतून जातो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या चार तालुक्यांत आगगाडीची शीळ ऐकू येत नाही. अक्राणी तर सातपुड्याच्या डोंगरातच वसलेला आहे. म्हणजे येथील बहुसंख्य लोकांना रेल्वे गावात नेऊन पोचवीत नाही. ती गावाच्या अलीकडे कोठेतरी आणून सोडते. शेकडो किलोमीटर अंतर गाडी चार-दोन तासांत तोडते, आणि उरलेल्या दहा-पंधरा किलोमीटरांसाठी माणूस तितकाच वेळ वाट पाहतो. प्रवासातील हे शेपूट लहान असले तरी हत्ती अडतो तो तेथेच.

शहरातही ही अडचण आहे. फक्त अंतरे कमी आणि माणसे अधिक. मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय सायकल आणि आगगाडी या दोन पायांवर उभा राहिला. डबेवाला सकाळी घरोघर जाऊन डबे गोळा करतो आणि ते सायकलीला लटकावून स्थानकापर्यंत आणतो. तेथे सायकल थांबते. डबे लाकडी खोक्यातून गाडीत चढतात, आणि पलीकडच्या स्थानकावर उतरल्यावर त्यांना डोके, हातगाडी किंवा तेथे ठेवलेली दुसरी एखादी सायकल यांचा आधार घ्यावा लागतो. सायकलीला आगगाडीत स्वार होता येत नाही, म्हणून प्रवासाच्या दोन टोकांसाठी दोन निराळ्या व्यवस्था कराव्या लागतात. डबेवाल्यांची संघटना मोठी असल्यामुळे त्यांना ते जमते. एकट्यादुकट्या प्रवाशाने काय करावे? पूर्वी तालुक्याच्या गावी स्थानकाजवळ तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने असत. ओळख पटवून द्यावी आणि सायकल घेऊन जावे, अशी ती सोय होती. ती दुकाने आता बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली आहेत.

याखेरीज सायकल ठेवावयाची कोठे, हाही शहरवासीयांपुढे मोठाच प्रश्न असतो. मुंबईत १९२० नंतर बांधल्या गेलेल्या बी. डी. डी. चाळींतील एकेक खोली १६० चौरस फुटांची होती. त्या एवढ्याशा जागेत एक कुटुंब स्वयंपाक करी, जेवी, अभ्यास करी आणि झोपे. नेहमीची सायकल सुमारे सहा फूट लांब आणि हँडलापाशी दोन फूट रुंद असते. म्हणजे ती बारा चौरस फूट जागा अडवते. खोलीचा जवळजवळ तेरावा हिस्सा सायकलीने घेतल्यावर माणसांनी कोठे झोपावे? म्हणून सायकल जिन्याखाली राहते, पावसात गंजते, आणि एखाद्या सकाळी कुलपासकट नाहीशी होते. उलट, घडी घातलेली लहान सायकल सुमारे दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असते. दोन चौरस फुटांची जागा पलंगाखाली किंवा दाराआड सहज निघते. जी वस्तू मालकाच्या उशापाशी झोपते, तिला कुलूप लावावे लागत नाही!

तेव्हा घडीच्या सायकलीचा खरा गुण वेगाचा नाही, सामर्थ्याचाही नाही. गरज असेल तेव्हा ती वाहन असते आणि गरज संपताच ती सामान होते. एवढ्या एका गुणासाठी तिच्या निर्मात्यांना बरीच किंमत मोजावी लागली, आणि ती घेणारालाही मोजावी लागते.

सायकलीची घडी घालण्याची कल्पना जवळजवळ सायकलीइतकीच जुनी आहे. पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी चिमुकले, अशा सायकली एके काळी प्रचारात होत्या. त्या काळी, १८७८ साली, इंग्लंडातील विल्यम ग्राउट याने मोठ्या चाकाचे चार तुकडे करून ते पेटीत भरता येतील अशी सायकल बनविली. पुढे १८९० नंतरच्या दशकात फ्रान्सच्या सैन्यातील जेरार नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकांसाठी घडीची सायकल पुढे आणली. रस्ता असेल तेथे सैनिकाने सायकलीवर बसावे आणि रस्ता संपला की सायकलीने सैनिकाच्या पाठीवर बसावे, असा हा देवघेवीचा व्यवहार होता.

दुसऱ्या महायुद्धात या कल्पनेला निराळेच वळण मिळाले. विमानातून छत्रीच्या साहाय्याने उडी घेणारा सैनिक जमिनीवर उतरतो तेव्हा त्याच्यापाशी पायांखेरीज दुसरे वाहन नसते. त्याच्यासाठी इंग्लंडातील बी. एस. ए. या कंपनीने घडीची सायकल तयार केली. तिच्या सांगाड्यात दोन बिजागऱ्या असून त्या पंखाच्या आकाराच्या नटांनी घट्ट करता येत. पायडलांच्या ठिकाणी नुसत्या दांड्या होत्या आणि त्याही आत सरकत. वजन सुमारे साडेचौदा किलो. ही सायकल खाली येताना बैठक आणि हँडल हे भाग प्रथम जमिनीला टेकावेत अशी योजना केलेली होती, कारण बैठक वाकली तरी सायकल चालते. चाक वाकले तर चालत नाही. ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. त्या वेळी कॅनडाचे सैनिक अशाच सायकली हाती धरून पाण्यातून किनाऱ्याकडे चालत गेले. या जातीची सायकल पाहण्यासाठी आता विलायतेस जावे लागत नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. तेथे कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमविलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली सुरू झाले आणि त्यात छत्रीधारी सैनिकांची ही सायकल आहे.

सैनिकाची सायकल शहरवासीयाच्या कामाची मात्र नव्हती. तिची घडी घातली तरी मोठी चाके मोठीच राहत. सांगाडा दुमडेल, हँडल वळेल, दांडी आत जाईल. परंतु चाक दुमडत नाही. अठ्ठावीस इंची चाकाची सायकल कितीही कौशल्याने दुमडली तरी ती अठ्ठावीस इंचांहून लहान कशी होणार? म्हणून घडी लहान हवी असेल तर चाकच लहान घ्यावे लागते. आणि लहान चाक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मुलांची सायकल उभी राहते. लहान चाकाची सायकल हळूच चालणार, अशी समजूत फार दिवस होती.

ही समजूत कितपत खरी आहे, हे विद्यार्थ्यांना गणिताने ताडून पाहता येईल. अठ्ठावीस इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर भरतो. सोळा इंची चाकाचा सुमारे १.२८ मीटर. एक किलोमीटर जाण्यासाठी मोठ्या चाकाला सुमारे ४५० फेरे घ्यावे लागतात, तर लहान चाकाला सुमारे ७८०. स्वाराने पायडलही त्याच प्रमाणात अधिक मारावे लागले, तर तो बिचारा दमून जाईल. परंतु पायडल चाकाला थेट जोडलेले नसते. मध्ये साखळी आणि दातेरी चक्रे असतात. मोठ्या सायकलीत पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते आहेत असे समजा. पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. आता लहान सायकलीला पुढे ५२ आणि मागे १२ दात्यांचे चक्र बसवा. पायडलाच्या एका फेऱ्यात तिचे चाक चार वेळांहून अधिक फिरते, आणि अंतर पुन्हा साडेपाच मीटरच भरते. चाक लहान झाल्याने जे गमावले, ते दात्यांनी भरून काढले. घडीच्या सायकलीचे पुढचे चक्र तिच्या मानाने एवढे मोठे का दिसते, याचे उत्तर येथे आहे.

इंग्लंडातील ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने हे हिशेब प्रत्यक्षात उतरविले. १९५६ साली सुएझ कालव्याच्या तंट्यामुळे इंग्लंडात पेट्रोलचा तुटवडा पडला, तेव्हा त्याचे लक्ष सायकलीकडे वळले. १९६२ साली त्याने सोळा इंची चाकांची सायकल बाजारात आणली. लहान चाकाला खड्ड्याचा धक्का अधिक बसतो, म्हणून त्याने चाकांना रबरी धक्काशोषके बसविली आणि टायरांत हवा चांगली दाबून भरली. ही सायकल घडीची नव्हती. पण लहान चाकाची सायकल मोठ्या माणसालाही वेगाने नेऊ शकते, हे तिने दाखवून दिले. तेथून पुढचा मार्ग मोकळा झाला.

लहान चाकाचे दोष मात्र गणिताने पुसले जात नाहीत. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून नुसते डुलत निघून जाते, त्यात लहान चाक खोल उतरते आणि कडेवर आदळते. पावसाळ्यानंतरच्या आपल्याकडील रस्त्यांवर हा फरक पाठीच्या कण्याला तत्काळ समजतो. लहान चाकाचे हँडल चपळ असते. हात किंचित वळला की सायकल वळते. गर्दीच्या गल्लीत हा गुण आहे, परंतु एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने टोपी सावरू पाहणाराला तो दोष वाटेल. उतारावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ब्रेकचे रबर ज्या रिमवर घासते ती रिम लहान असल्यामुळे लवकर तापते. हजार मीटरांहून अधिक उंचीवर असलेल्या तोरणमाळचा घाट घडीच्या सायकलीने उतरण्याची हौस कोणी धरू नये. तेथे ती घडी घालून मोटारीतून न्यावी आणि वर पोचल्यावर यशवंत तलावाच्या काठाने खुशाल फिरवावी. घडी त्याचसाठी आहे.

सायकल दुमडण्याच्या अनेक पद्धती आहेत. अमेरिकेत डेव्हिड हॉन या शास्त्रज्ञाने १९८२ साली सुरू केलेल्या कंपनीने सांगाड्याच्या मध्यावर एक बिजागरी बसवून सायकल पुस्तकासारखी मिटण्याची पद्धत पुष्कळ लोकप्रिय केली. तिची चाके बहुधा वीस इंची असतात. चालवावयास ती अधिक सुखाची, पण घडी थोडी मोठी. याहून गमतीची घडी लंडनमधील अँड्र्यू रिची याने शोधून काढली. तो अभियांत्रिकी शिकलेला असून त्या वेळी बागा करून देण्याचे काम करीत असे. १९७५ साली त्याने आपल्या राहत्या खोलीतच सायकलीचा नमुना जुळविण्यास प्रारंभ केला. खिडकीतून ब्रॉम्प्टन नावाच्या भागातील प्रार्थनामंदिर दिसे, म्हणून सायकलीचे नावही ‘ब्रॉम्प्टन’ पडले. बड्या कारखानदारांना तिच्यात काही दम दिसला नाही. तिचे उत्पादन नियमितपणे सुरू व्हावयास १९८८ साल उजाडले. तेरा वर्षे एका घडीपायी!

ती घडी अशी आहे. प्रथम मागचे चाक सांगाड्याच्या खाली पुढे झुलवून घेतात. त्यामुळे सायकल जणू मांडी घालून बसते. मग सांगाड्याची बिजागरी सैल करून पुढचा भाग वळवला की पुढचे चाक मागच्या चाकाशेजारी येऊन उभे राहते. हँडलाची उभी दांडी खाली पाडतात. शेवटी बैठकीची दांडी खाली दाबतात, आणि ती दांडीच सर्व घडीला कडी घालते. सवय असलेला मनुष्य हे सारे वीस सेकंदांच्या आत करतो. यातील विशेष हा की, तेलकट साखळी दोन चाकांच्या मध्ये जाऊन झाकली जाते. प्रवाशाच्या धोतराला, पाटलोणीला किंवा शेजारणीच्या लुगड्याला डाग पडत नाही. रिचीच्या बुद्धीची खरी तारीफ या साखळीसाठी केली पाहिजे. सायकल लहान करणे पुष्कळांना साधले. ती सभ्यपणे चारचौघांत बसेल अशी करणे थोड्यांना साधले.

आता किंमत. घडीची सायकल साध्या सायकलीहून महाग असते, आणि काही परदेशी बनावटीच्या सायकलींची किंमत लाख रुपयांच्याही वर जाते. हा पैसा कशाचा, असे विचारले तर त्याचे बरेचसे उत्तर बिजागरीत आहे. साध्या सायकलीचा सांगाडा अखंड नळ्यांचा असतो. स्वाराचा भार आणि रस्त्याचे धक्के तो सर्वांगाने वाटून घेतो. घडीच्या सायकलीत नेमक्या मधोमध, जेथे ताण सर्वांत अधिक, तेथे निर्मात्याने स्वतःच्या हाताने छेद घेतलेला असतो. त्या छेदाच्या जागी बसविलेली बिजागरी किंचितही ढिली राहिली तर सायकल चालता चालता मिटू लागेल, आणि वर बसलेला स्वार तोंडघशी पडेल. हँडलाच्या दांडीची बिजागरीही तितकीच जोखमीची. म्हणून चांगल्या सायकलीत कडीला आणखी एक खटका असतो. कडी सुटली तरी खटका धरून ठेवतो. स्वस्त मालात हा खटका असला तरी त्याचे पोलाद मऊ असते आणि वर्षाभरात झिजते. पैसे वाचवावयाचे असतील तर घंटीवर वाचवावेत, रंगावर वाचवावेत. बिजागरीवर वाचवू नयेत.

ज्याच्यापाशी अशी सायकल आहे, तो ती उघडल्यावर लगेच स्वार होत नाही. तो प्रत्येक कडी हाताने दाबून पाहतो, हँडल पुढेमागे हलवून पाहतो, बैठकीची दांडी ठरलेल्या खुणेपर्यंत वर आली आहे किंवा नाही हे पाहतो. लहान सायकलीची ही दांडी लांबलचक असते. ती खुणेपेक्षा अधिक वर ओढली तर आत पुरेसा आधार राहत नाही. दोन्ही चाके जमिनीपासून थोडी उचलून सोडली असता कोठून खडखड आवाज आला, तर तो आवाज कोठला हे शोधल्यावाचून निघू नये. यास मिनिटभर लागते. आठवड्यातून एकदा बिजागरीतील धूळ फडक्याने पुसून तेथे तेलाचा एखादा थेंब सोडावा. अधिक तेल घातले तर खानदेशातील धूळ त्याला चिकटून तिचा चिखल होतो. आणखी एक सूचना: सोळा इंची चाकाची ट्यूब प्रत्येक खेड्यातील दुकानात मिळेलच असे नाही. हवा भरण्याचा लहान पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचे सामान आपल्या पिशवीत असलेले बरे.

आगगाडीने जाताना नियमांचाही विचार करावा लागतो. साधी सायकल रेल्वे प्रवाशाच्या मोफत सामानात धरीत नाही. तिची निराळी नोंद करून ती सामानाच्या डब्यात द्यावी लागते. प्रवाशाने आपल्याबरोबर डब्यात घ्यावयाच्या पेटीचे माप १०० सेंटीमीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर उंच यांहून अधिक असू नये असा रेल्वेचा नियम आहे; वातानुकूलित डब्यांपैकी काहींत तर याहूनही लहान पेटी लागते. ब्रॉम्प्टनची घडी सुमारे ६५ सेंटीमीटर लांब, ५७ सेंटीमीटर उंच आणि २७ सेंटीमीटर जाड असते. लांबी-उंचीत ती सहज बसते आणि जाडीत दोन सेंटीमीटर उरते! वीस इंची सायकलीची घडी याहून बरीच जाड. तेव्हा सायकल पिशवीत घालून, वाट न अडवता, बाकाखाली सरकवून ठेवणे हेच शहाणपणाचे. पिशवीतून बाहेर डोकावणारे एखादे पायडल शेजाऱ्याच्या पोटरीला लागले, तर तपासनिसाच्या आधी शेजारीच नियम काढील. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत तर ती नेऊच नये. जेथे माणसाला स्वतःचा पाय ठेवावयास जागा नसते तेथे बारा किलोचे लोखंड घेऊन शिरणे हा इतरांवर अन्याय होय. पुण्याची मेट्रो या बाबतीत उदार आहे. २०२२ साली ती सुरू झाली तेव्हापासून प्रवाशांना तीत साधी सायकलही बरोबर नेऊ दिली जाऊ लागली.

हे सर्व सांभाळून उधन्याहून निघालेला आपला प्रवासी नंदुरबारकडे कसा येतो ते पाहू. उधन्याला गाडी मुख्य मार्ग सोडून पूर्वेकडे वळते. बारडोली, व्यारा, सोनगड ही गुजरातेतील स्थानके मागे पडतात आणि नवापूर येते. हे स्थानक मोठे गमतीचे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, तेव्हा सीमारेषा या स्थानकातूनच गेली. फलाटाचा एक भाग गुजरातेत, दुसरा महाराष्ट्रात. एका बाकावर तर सीमा रंगवून दाखविलेली आहे आणि त्यावर शेजारी शेजारी बसलेले दोघे जण दोन राज्यांत बसलेले असतात. बाकाखालच्या पिशवीतील सायकलीलाही अशीच सीमा ओलांडावी लागते. नवापूर मागे पडले की पुढे नंदुरबार येते.

दिवसाउजेडी उतरणाऱ्याला नंदुरबार प्रथम नाकाला समजते. येथील मिरचीचा बाजार मोठा आहे. हंगामात गावाबाहेरील मोकळ्या मैदानांवर ओली लाल मिरची वाळत घातलेली असते. तिला येथे पथारी म्हणतात. बंद मोटारीतून जाणाराला तो नुसता लाल पट्टा दिसतो. सायकलस्वाराला त्याचा ठसका लागतो, डोळ्यांना पाणी येते, आणि मिरची पसरणाऱ्या बाया त्याची छोटी सायकल पाहून हसतात तेही ऐकू येते.

तेथून प्रकाशे वीस-पंचवीस किलोमीटर. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील या गावाला लोक दक्षिण काशी म्हणतात. १९५४-५५ साली येथे पुरातत्त्व खात्याने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. चांगल्या पायाचा मनुष्य घाई न करता दोन तासांत तेथे पोचतो. हे अंतर एस. टी. ने गेल्यास पाऊण तासाचे, परंतु एस. टी. येण्याची वेळ आणि आपली वेळ यांची गाठ पडली तर! शिवाय मुख्य रस्त्यावर उतरून आत दोन-तीन किलोमीटर चालत जावे लागते अशी खेडी या भागात पुष्कळ आहेत. आजारी आईला औषध घेऊन निघालेल्या मुलाला हे दोन-तीन किलोमीटरही रात्री फार लांब वाटतात. त्याच्या दृष्टीने घडीची सायकल ही चैन राहत नाही. उन्हाळ्यात मात्र भर दुपारी कोणीही या रस्त्याला लागू नये. खानदेशचे ऊन चाकांचा आकार पाहत नाही. रात्री निघावयाचे तर पुढे दिवा आणि मागे लाल काच हवीच. लहान सायकल ट्रकवाल्याच्या नजरेच्या टप्प्यात उशिरा येते.

दोन दिवसांनी तोच गृहस्थ परतीच्या गाडीसाठी नंदुरबारच्या फलाटावर येतो. हँडलाला आईने दिलेल्या मिरचीची पुरचुंडी बांधलेली असते. गाडीला अद्याप दहा मिनिटे अवकाश आहे. घडी घालण्यास अर्धे मिनिट पुरे. परंतु तो आधी खिशातील फडके काढतो आणि टायरांना लागलेली शेतरस्त्याची काळी माती निपटून काढतो, कारण आता ती सायकल कोणाच्या तरी पायांपाशी बसणार असते. मग मागचे चाक खाली झुलते, पुढचे चाक त्याच्याशेजारी येते, हँडल पडते, बैठक खाली जाते. पिशवीचा बंद ओढेपर्यंत दूरवर इंजिनाची शीळ ऐकू येते.